जीप तू बुडवलीस, दत्ता

दत्ता, तुझ्या दहाव्याला मी रडायला आलो नव्हतो. रडून चौथ्या दिवशीच झालं होतं, दुकानाचं शटर अर्धं ओढून, फोमच्या ढिगावर बसून. पाचव्या दिवशी राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. बावीस वर्षं तू मला "सांगतो, सांगतो" म्हणत झुलवलंस आणि एक दिवस मार्केट यार्डात, पेरूच्या क्रेटवर बसल्या बसल्या निघून गेलास. न सांगता. म्हणून मी नीरेच्या काठी तुझं पितळ उघडं पाडायला आलो होतो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग तू जिवंत माणसाबद्दल बावीस वर्षं जे बोललास त्याचं काय?

बारामतीत मला 'जीपवाला युसूफ' म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, ह्याची जीप असेल. मग कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगतं, की ह्या गड्यानं पणदऱ्याच्या आबांची नवीकोरी जीप कोकणात नेऊन समुद्रात घातली. तो माणूस माझ्याकडे बघून हसतो आणि सीटचं माप सांगायला लागतो. मी गाड्यांच्या सीटा शिवतो. कव्हर चढवून झालं की नीट बसलंय का बघायला एकदा ड्रायव्हरच्या सीटवर बसतो, स्टिअरिंगला हात लावतो आणि उतरतो. बावीस वर्षांत मी माझ्यासाठी गाडी चालवली असेल, दुसऱ्या कुणाची माणसं बसवून एकदाही नाही. कुणी बसलंच नाही.

आणि दत्ता, मी चांगला ड्रायव्हर होतो. हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

आपण तेव्हा सत्तावीस वर्षांचे होतो. तुझी पल्लवी पाळण्यात होती. तुला एकाएकी समुद्र बघायची हुक्की आली. तुझ्या वडलांनी, आबांनी, जीप द्यायचं कबूल केलं, पण किल्ली तुझ्या हातात दिली नाही, माझ्या दिली. तुझ्यादेखत म्हणाले, "युसूफ, गाडी तूच चालवायची. ह्या बेण्याच्या हातात दिलीस तर मला त्वांड दावू नगंस." तुझं तोंड एवढंसं झालं होतं. आणि मला दुसरंच समाधान होतं. आबांच्या ओळखीच्या हेडमास्तरांच्या शाळेत बसवर ड्रायव्हर हवा होता. आबा म्हणाले होते, "समुद्र बघून या. सोमवारी म्या सोता येतो तुज्यासंगं." शाळेची बस, साठ पोरं, खाकी शर्ट. माझ्या अम्मीनं शर्टाचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं.

त्या गावाचं नाव आपण कधी घेतलंच नाही. 'बंदरावर जायचं' म्हणायचो, जसं काही जगात बंदर एकच आहे. नीरा, भोर, वरंधा घाट, आणि मग ते शेवटचं वळण, जिथं झाडं संपतात आणि खाली सगळं एकदम दिसतं. पाण्यात उभा किल्ला, रंगीत निशाणं लावलेल्या होड्या, एका टेकाडावर देऊळ, खाली पांढरी मशीद, मासे वाळत घातलेल्या काठ्या. मी गाडी कडेला घेतली. तू उतरलास, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिलास आणि म्हणालास, "युसूफ, एवढं पाणी, आन कुणाच्याच शेताला न्हाय!"

तो शुक्रवार होता. पाहुण्यांना जेवूखाऊ घालून ठेवून घेणाऱ्या जनाबाईंच्या घरी उतरलो, किल्ली त्यांच्या पडवीतल्या खुंटीला अडकवली आणि मी जुम्म्याच्या नमाजाला गेलो. माझा गुन्हा एवढाच, की किल्ली खुंटीला ठेवली.

पुढचं मी जनाबाईंकडून ऐकलं, मशिदीतून बाहेर आल्यावर थोडं डोळ्यांनी बघितलं. घाटातल्या धुळीनं जीप लाल झाली होती. तुला ते सहन होईना. पणदऱ्यात दर रविवारी कालव्यावर ट्रॅक्टर धुवायची तुझी सवय. तू जीप सरळ ओल्या वाळूवर नेलीस आणि बादलीनं धुवायला लागलास. खाऱ्या पाण्यानं! जनाबाई पडवीतून ओरडल्या, "अरे मेल्या, पाणी भरतंय, गाडी वर घे!" तू तिथूनच हात हलवून त्यांना समजावलंस, "मावशी, पाणी सुटायचं असलं की आमच्याकडं पाटकरी आदी सांगून जातो. कुनाची पाळी हाय ते तरी कळू द्या." कालव्याच्या पाण्यावर वाढलेला माणूस तू. दिवसातून दोनदा, कुणाला न विचारता, कुणाची पाळी नसताना पाणी येतं, हे तुझ्या डोक्यात शिरलंच नाही. चाकं रुतली. तू आत बसून रेस केलीस, ती आणखी रुतली.

मी धावत आलो तेव्हा पाणी बॉनेटला लागलं होतं आणि तू आत बसून हॉर्न वाजवत होतास. समुद्राला. बाजूला हो म्हणून.

संध्याकाळी ओहोटी लागल्यावर तिथल्या खारवी मच्छीमारांनी दोर लावून जीप ओढून काढली. सीटखाली एक खेकडा निघाला. इंजिन गेलं होतं. ट्रकमध्ये घालून जीप पणदऱ्याला आणली, आणि ट्रकमध्येच, भोरच्या अलीकडे, तू रडायला लागलास. "आबा मळा धाकट्या भावाच्या नावावर करत्याल. मला घरात ठिवायचं न्हाईत. युसूफ, आटच दिवस. तू चालवत हुतास म्हन. आबा निवळलं की म्या खरं सांगतो." मी हो म्हणालो. तुला रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, म्हणून हो म्हणालो. दुसरं काही कारण नव्हतं.

आबांनी अंगणात जीपभोवती एक फेरी मारली. मग माझ्यासमोर उभे राहिले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुज्या भरवशावर दिली हुती." आणि आत गेले. तू माझ्यामागे उभा होतास. तुझा श्वास मला ऐकू येत होता.

सोमवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. अकरा वाजेपर्यंत. आबा आले नाहीत. शेवटी शिपाई आला आणि म्हणाला, हेडमास्तरांनी निरोप दिलाय, जागा भरली. बरोबरच होतं त्यांचं. ज्यानं जीप समुद्रात घातली त्याच्या हातात पोरं कोण देईल? अम्मीनं त्या खाकी कापडाच्या पुढं पिशव्या शिवल्या.

आठ दिवस झाले. मग धाकट्याचं लगीन हुंदे. मग ऊस तुटून जाऊ दे. मग आबांचा बीपी वाढलाय. मग आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. तुझी कारणं कधी संपली नाहीत, आणि मळा तुझ्या नावावर होऊन गेला तरी चालूच राहिली.

पण दत्ता, न सांगणं एक वेळ मी पोटात घातलं असतं. तू गोष्ट सांगायला लागलास! लग्नात, पारावर, मार्केट यार्डात चहाच्या गाड्यावर. हातवारे करून, आवाज काढून. "आन ह्यो गडी, बरं का, आत बसून समुद्राला हॉर्न वाजवतोय, पँऽऽ पँऽऽ!" लोक पोट धरून हसायचे. मी तिथंच बसलेला असायचो, हातात कप घेऊन. तुझा हॉर्न तू माझ्या हातात दिलास आणि वर माझ्या पाठीवर थाप मारलीस. त्या थापेसाठी मी तुझं काय काय करायचं ठरवलं होतं ते तुला सांगितलं तर तू पुन्हा एकदा मरशील. तुझ्या स्कूटरच्या सीटमध्ये एकदा मी मुद्दाम फोमच्या जागी गोणपाट भरलं होतं. तू दोन वर्षं मूळव्याधीचं औषध घेतलंस. ते माझं काम.

तरी दरवर्षी पेरूच्या हंगामात, एका शुक्रवारी, तू दुकानासमोर येऊन ओरडायचास, "जीपवाले, बंदरावर चला!" आणि मी जायचो. तू काढून ठेवलेला एक पेरूचा क्रेट जनाबाईंना, येताना त्यांच्याकडचे सुके बोंबील. गाडी तू चालवायचास, मी शेजारी. घाटात तू चुकीचा गिअर टाकलास की मी खिडकीबाहेर बघायचो.

मी का जायचो, ते तुला कधी बोललो नाही. आज सांगतो. बंदरावर मला मान होता. जेटीवर पाय ठेवला की जाळी विणणारा म्हातारा उठून जागा करून द्यायचा. "या ड्रायव्हरसाहेब, बसा." संध्याकाळी माशांच्या लिलावात माझ्यासाठी एक बांगडा बाजूला काढलेला असायचा. बारामतीत ज्या नावाची खिल्ली, तेच नाव तिथं साहेब लावून. मला वाटायचं, ही कोकणातली रीत असेल, पाहुण्याला चढवून बोलायची. पुण्या-मुंबईच्या गाड्या यायच्या, किल्ल्याकडे पाठ करून फोटो काढायच्या, दोन तासांत परत. त्यांना कुणी बसा म्हणत नसे. तू म्हणायचास, "ह्यांनी समुद्र बघितलाच न्हाय, ह्यांनी सोताला बघितलं." तेवढं खरं बोलायचास.

आणि ज्या वर्षी माझी अम्मी गेली त्या वर्षी तू मला जवळजवळ उचलूनच नेलंस. जेटीच्या शेवटच्या दगडावर आपण दुपारभर बसलो आणि तू एक शब्द बोलला नाहीस. तू! ज्याला नमाज होईपर्यंत दम निघत नसे! पाणी उतरलं, होड्या चिखलात कलल्या, पुन्हा पाणी चढलं, होड्या सरळ झाल्या. मग तू म्हणालास, "चल, जेवून घे." त्या दुपारसाठी तुला माफ करावं असं मला दरवर्षी वाटायचं. भोरपर्यंत टिकायचं.

गेल्या वर्षी त्याच दगडावर मी विषय काढला. "आबा नव्वदीला आलं, दत्ता. आता तरी सांग." तू खडा पाण्यात टाकलास. "फुडच्या वर्षी. पल्लवीची शप्पत." मी म्हणालो, "पोरीची शप्पत घिऊ नगंस, मेल्यावर सांगशील." तू हसलास. आपलं शेवटचं भांडण ते. अर्धवट राहिलं आणि तूच जिंकलास.

तर दहावा. नीरेकाठी गर्दी अशी, की तू बघितली असतीस तर छाती फुगली असती. प्रवचन झालं, चार पुढाऱ्यांची भाषणं झाली, चौघांनीही जीपची गोष्ट सांगितली. तुझ्या दहाव्याला लोक मला बघून हसत होते! पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसून राहिला. धाकटा म्हणाला, पेरूची बाग मोडत न्हाय. कुणी म्हणालं, पल्लवीचं लगीन थाटात करू. कावळा ढिम्म. अर्धा तास झाला, ऊन चढलं. मला माहीत होतं तुझं काय अडलंय. मी उठलो, माईक घेतला आणि सांगून टाकलं. खुंटीची किल्ली, कालव्याची सवय, बादली, हॉर्न, ट्रकमधलं रडणं. सगळं. "जीप दत्तानं बुडवली. म्या नमाजात हुतो."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा घाट हसायला लागला. "बघा, मेलेल्यावर ढकलतोय जीपवाला!" त्याच हशात कावळा खाली आला आणि पिंडाला चोच मारून गेला. पुढाऱ्यानं माझ्या हातातला माईक घेतला, "दत्तूशेठला हसताना निरोप द्यायचा होता, युसूफभाईंनी त्यांची इच्छा पुरी केली." टाळ्या पडल्या, दत्ता. दहाव्याला टाळ्या. खरं सांगितलं आणि तेही तुझ्याच पदरात पडलं. त्या दिवशी घरी जाताना मी तुला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही.

दोन दिवसांनी पल्लवी दुकानात आली. डोळे सुजलेले, आवाज तुझा. म्हणाली, "काका, तुम्ही पप्पांबद्दल खोटं बोलला असाल तर मी तुमचं तोंड बघणार नाही. खरं बोलला असाल तर मला तिथं न्या. उद्या शुक्रवार आहे. पप्पांनी मावशींसाठी काढलेल्या क्रेटमध्ये मी ताजे पेरू भरलेत."

गाडी तिनं चालवली. मी शेजारी, नेहमीसारखा. शेवटच्या वळणावर तिनं गाडी कडेला घेतली, उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला खाली उतरवेना.

जनाबाईंनी क्रेट बघितला, मला बघितलं, पोरीला बघितलं. "दत्ता कुठाय?" पल्लवीनं मान हलवली. म्हातारी मटकन पायरीवर बसली. मग तिनं पोरीला जवळ घेतलं आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? "मग सांगितलान काय त्यानं, जीपचा?"

पल्लवी म्हणाली, "काय सांगायचं होतं?"

"काय म्हणजे? दरवर्षी हितं बसायचा, ह्या पायरीवर. हे नमाजाला गेले की. जो कोण पाव्हणा असंल त्याला सांगायचा, 'गाडी मी बुडवली, नि ह्या देवमाणसाच्या अंगावर टाकली. ह्याच्यासारखा ड्रायव्हर आमच्या तालुक्यात नाय.' सगळ्या बंदराला पाठ हाय. मी इचारायची, तिकडं सांगितलंस काय रे? तर म्हणायचा, पुढच्या वर्षी, मावशी."

दत्ता, हरामखोरा. जाळीवाला म्हातारा उठून जागा का द्यायचा ते मला तेव्हा कळलं. तू खरं बोलत होतास! पण कुठं, तर जिथं ते बोलणं तुला महाग पडत नव्हतं. दीडशे मैलांवर, माझ्या पाठीमागे, अनोळखी माणसांसमोर. माझी अब्रू तू बंदरावर जपून ठेवलीस आणि वर्षातून एक दिवस मला ती बघायला न्यायचास. मी मशिदीत सिजद्याला वाकलेला असताना तू पायरीवर माझं कौतुक करत होतास आणि परत आलो की "जीपवाले, भूक लागली का?" मला त्या क्षणी तुझी मानगूट धरायची होती. आणि तू कुठंच नव्हतास. पायरी होती, तिच्यावर तुझी लेक रडत होती. मग मीही रडलो. रागानं.

जेवण झाल्यावर पल्लवीनं किल्ली माझ्यासमोर धरली. "जाताना तुम्ही, काका." घाट मी चढवला. एकाही वळणावर चुकीचा गिअर पडला नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो.

आबा मळ्यात लिंबाखाली बाजेवर बसले होते. मी ड्रायव्हरच्या बाजूनं उतरलो तसे म्हणाले, "कोन चालवत हुतं?"

"युसूफकाका," पल्लवी म्हणाली. "आबा, जीप पप्पांनी बुडवली होती. मी बंदरावर विचारून आले."

खरं सांगू? बारा दिवसांपूर्वी ज्याचा लेक गेला त्याला हे आत्ता कशाला, असं आलं मनात. पण मी तिला थांबवलं नाही. बावीस वर्षं थांबलो होतो.

आबांनी काठी जमिनीवर आपटली. "मेला म्हनून सुटला भडवा. जित्ता असता तर ह्याच काठीनं फोडला असता." आणि काठी टाकून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी बाजेच्या कडेला बसलो. तोंड झाकूनच त्यांनी विचारलं, "तू का न्हाय बोलला?"

"त्यो सांगनार हुता, आबा."

"व्हय. आन म्या तुजी शाळेची बस घालवली." मग डोळे पुसून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या मला डोळं दावायला बारामतीला जायाचं हाय. धाकट्याची गाडी हाय. येशील का चालवाया?"

काल सकाळी नेलं त्यांना. मागचं दार उघडून धरलं तर म्हणाले, "मागं कशाला? फुडं बसतो." पणदऱ्याच्या चौकात तुझा मोठा फ्लेक्स लावलाय, 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली पुढाऱ्यांचे फोटो. तू फेटा बांधून हसतोयस, तेच हसू, जीपची गोष्ट सांगताना असायचं ते. आबांना नीट दिसत नाही, पण फ्लेक्स कुठं आहे ते त्यांना पक्कं ठाऊक. माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "हितं गाडी हळू कर. आन हॉर्न वाजव. चांगला मोठ्यांदा."

मी वाजवला, दत्ता. आबांनी हात काढेपर्यंत वाजवला. चौकातली सगळी माणसं वळून बघायला लागली, गाडी कोण चालवतंय ते.